जग बुडालं तर राहायला जागा

राजारामपुरी

“पाण्याचा ताप बघाय लागल्यात पावणं,” वेटर आत कुणाला तरी म्हणाला.

“किती हाय?” आतून विचारणा झाली.

बाबांनी मिसळीबरोबर आलेल्या पाण्याच्या ग्लासात क्षार मोजायचं यंत्र बुडवून धरलं होतं. ते दिसतं थर्मामीटरसारखंच, त्यामुळे वेटरचा काही दोष नव्हता. बाबांनी आकडा वाचला, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले आणि मला म्हणाले, “सहा.” हे गुण होते, दहापैकी. मिसळीला त्यांनी गुण दिले नाहीत, कारण जग बुडाल्यावर मिसळ मिळणार नाही हे त्यांनी गृहीत धरलं होतं. मला कट आणखी हवा होता. पण माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. अनोळखी माणसाशी मराठीत बोलायचं तर मी आधी वाक्य मनात जुळवून घेते. ते जुळेपर्यंत वेटर तिसऱ्या टेबलावर पोचला होता. इंग्रजीतही मी फार बोलते असं नाही, हेही सांगून टाकते.

परत आल्यापासून मैत्रिणी विचारतात, रंकाळा पाहिलास का, देवळात गेलीस का, तांबडा-पांढरा प्यायलीस का. यातलं काहीच झालं नाही. आम्ही विहिरी पाहिल्या, शेणाचे खड्डे पाहिले, आणि पूल पडला तर गाडी कुठून काढायची हे पाहिलं.

बाबांनी आयुष्यभर आग विझवायची उपकरणं विकली. सिनेमाला गेलो तरी ते आधी बाहेर पडायची दारं बघतात, मग पडदा. निवृत्त झाल्यावर त्यांना आगीपेक्षा मोठी संकटं दाखवणारे व्हिडिओ सापडले. त्यातून त्यांचं असं मत बनलं की मोठी शहरं आधी कोलमडणार. आधी नळ जातील, मग वीज, मग माणसं. म्हणून वेळेत खेड्यात जायचं. स्वतःची विहीर, स्वतःचं धान्य, स्वतःचा उजेड. कुणाच्या दारात जायला नको. जिल्हा कोल्हापूर निवडला, कारण नद्या भरपूर आणि जयसिंगपूरला त्यांच्या कंपनीतले जुने सोबती भूपालकाका राहतात. कुणाच्या दारात जायला नको म्हणणाऱ्या माणसाने सुरुवात भूपालकाकांच्या दारापासून करावी, यात बाबांना काही वावगं वाटलं नाही.

जागा पसंत पडली की पुण्याचा आमचा फ्लॅट विकायचा होता. आई गेल्यापासून तो अर्धा माझ्या नावावर आहे, म्हणजे माझी सही लागणार. बाबांनी मला तसं रीतसर विचारलं होतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझ्या तोंडात घास होता. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी वाक्य जुळवत होते. “तू काही बोलली नाहीस, म्हणजे तुझी हरकत नाही,” असं म्हणून त्यांनी दलालाला फोन लावला.

माझी हरकत होती. तो फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. खिडकीशी माझं टेबल आहे, तिथूनच मी नोकरी करते. स्वयंपाकघरातल्या फरशा आईने दुकानदाराशी भांडून बदलून आणलेल्या आहेत. शिवाय लिफ्टमध्ये तिथे कुणी कुणाशी बोलत नाही, आणि हे मला त्या इमारतीचं सर्वांत मोठं वैभव वाटतं.

कोल्हापुरात तसलं काही नसतं. लॉजच्या काउंटरवर नाव लिहून घेणाऱ्या माणसाने आधी बाबांना गाव विचारलं, मग मला नोकरी विचारली, मग लग्न झालंय का ते विचारलं, आणि शेवटी खोलीची किल्ली दिली. सगळं एवढ्या मोठ्या आवाजात की मला वाटलं भांडण चाललंय. तो आमचं स्वागत करत होता.

वारणाकाठ

दुसऱ्या दिवशी बाबांनी गाडी वारणेच्या बाजूला काढली. रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरला होता. एकामागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर घराएवढा ऊस, आणि पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर कर्णा. त्या कर्ण्यातलं गाणं आमच्या गाडीच्या काचा बंद असतानाही माझ्या दातांत वाजत होतं. ओव्हरटेक करणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही बराच वेळ एकाच ट्रॅक्टरच्या मागे एकच गाणं ऐकत गेलो.

वारणानगर बघून बाबा अस्वस्थ झाले. कारखाना सहकारी, दूध सहकारी, शाळा-कॉलेजं त्याच आवारात. सगळं नीटनेटकं, आणि त्यात एकट्याने करायचं असं काहीच नाही. टपरीवर चहा पिताना त्यांनी शेजारच्या बाकावरच्या दोन शेतकऱ्यांना विचारलं, “इथे माणूस स्वतःचं स्वतः असं काय करतो?”

त्यातल्या एकाने मनापासून विचार केला. “दाढी,” तो म्हणाला.

“तीबी सलूनात करतोस की रं,” दुसरा म्हणाला.

“व्हय की.” पहिला हसला. “मग काय न्हाय बगा पावणं.”

बाबांनी तरी चिकाटी सोडली नाही. घरचा ऊस असताना साखर दुकानातून आणता का, असं त्यांनी विचारलं. दुकानातून नाही, कारखान्यातून. सभासदाला स्वस्तात मिळते, असं उत्तर आलं. दूध? डेअरीला. मग घरी चहाला? “म्हशीला इचारून ठेवतो थोडं.” भाजी? बाजारातून. आणि शेतातली वीज गेली तर काय करता?

“गेली तर?” दुसऱ्याने बशी खाली ठेवली. “पावणं, आली तर काय करायचं ते इचारा. दिवसा येतच न्हाय, आन् रात्री येती तवा आमाला उठवती.”

बाबांनी वारणाकाठाला चार दिले. सुपीक जमिनीचे तीन आणि टपरीवाल्याने चहाचे पैसे घ्यायला साफ नकार दिला, त्याचा एक. तो नकार नव्हताच खरं तर. त्या दोघांपैकी कुणीतरी आमचे पैसे आधीच देऊन टाकले होते आणि सांगितलंही नव्हतं. गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले की अशा सवयीने माणूस संकटात टिकत नाही. मी खिडकीबाहेर बघितलं.

जयसिंगपूर

भूपालकाका आणि सुनंदाकाकू दारातच उभे होते. भूपालकाकांनी बाबांना मिठी मारली आणि त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. “पोरीला आणलंसा, लई बेस केलंसा सुधीरराव,” ते म्हणाले. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. माझ्याबद्दल लोक माझ्यासमोर असंच तिसऱ्या माणसाविषयी बोलावं तसं बोलतात, कारण मी अडवत नाही.

ऊन अजून गच्चीवर होतं तेव्हा ताटं वाढली. काकाकाकू जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा त्यांच्या घरचा नेम. पुण्यात त्या वेळेला मी दुसरी कॉफी करते. बाबांना मात्र नेम फार आवडला. दिवाबत्तीचा खर्च शून्य, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे नऊ गुण दिले. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही, भरली वांगी. चटणी एवढी चांगली होती की मी तीनदा घेतली, न बोलता, ताट पुढे करून.

मग बाबांनी त्यांची अन्नसाठ्याची योजना मांडली. तिचा पाया बटाटा हा होता. बटाटा, रताळी, गाजर, सगळं जमिनीत सुरक्षित राहतं, वरून काहीही कोसळो.

“जमिनीखालचं कंद आमी खात न्हाय,” सुनंदाकाकू म्हणाल्या.

“संकट आलं तरी?”

“संकट आलं म्हणून काय झालं? वर वांगी हाईत की.”

बाबांनी ताटातल्या भाजीकडे पाहिलं. त्यांच्या योजनेत वांग्याचा विचार झालेला नव्हता.

जेवण झाल्यावर काकू म्हणाल्या, “बसा, मी आलो सुपारी घेऊन.” इथल्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मी आलो, मी गेलो. माझ्या शाळेत मी असं बोलले असते तर बाईंनी बाजूला घेऊन इंग्रजीत समजावलं असतं. सुपारी घेऊन आल्यावर त्यांनी माझी उंची विचारली. मग शिक्षण, मग चष्मा कधीपासून आहे, मग भाकरी थापता येते का. मी मान हलवली, एकदा होकारार्थी, एकदा नकारार्थी, आणि एकदा दोन्हीच्या मधली. लॉजवाल्यानेही एवढं विचारलं होतंच. मी ते जिल्ह्याच्या स्वभावात जमा केलं.

“उद्याची माणसं लई चांगली हाईत,” भूपालकाका बाबांना सांगत होते. “माळावर घर हाय, उंचावर. पाणी म्हणून लागत न्हाई. हिरीला बारमाही पाणी. गोबरगॅस. चार म्हशी. बाकी तुमी डोळ्यानं बघा. मी म्हणून सांगतो, हातचं घालवू नका.”

“विकायला काढलंय का त्यांनी?” बाबांनी विचारलं.

भूपालकाका मोठ्याने हसले. “आधी घर तर बघा सुधीरराव. बाकीचं पुढचं पुढं.”

बाबांना हे व्यवहारी वाटलं.

माळ

सकाळी निघताना सुनंदाकाकूंनी माझ्या केसांत गजरा माळला. नको म्हणायचं वाक्य तयार होतं, पण त्यांच्या दातांत पिना होत्या आणि माझं डोकं त्यांच्या हातात.

काकाकाकूही आमच्याच गाडीत बसले. वाटेत नदीकाठचं एक गाव लागलं. घरांच्या भिंतींवर दाराच्या चौकटीच्याही वर एक मातकट रेघ होती, सगळ्या गल्लीला एकाच उंचीवर, दोरी धरून मारावी तशी. मागच्या मोठ्या पुराचं पाणी तिथवर होतं. रेघेच्या खाली लोकांनी नवा रंग दिला होता, कॅलेंडरं लावली होती, एका भिंतीवर मोबाइलच्या दुकानाची जाहिरात होती. बाबांनी गाडीतूनच शून्य दिलं आणि काच वर केली. माझी नजर मात्र त्या रेघेवरून हटली नाही. आमच्या इमारतीत ती पार्किंगच्या छताला टेकली असती. मी चौथ्या मजल्यापर्यंतचे जिने मनात चढून गेले.

गाव संपल्यावर कच्चा रस्ता माळावर चढत होता. कुणाच्या तरी शेताचं पाणी रस्त्यावर आलं होतं, आणि आमचं मागचं चाक त्यात रुतलं. बाबांचा चेहरा उजळला. डिकीत या क्षणासाठी ठेवलेलं घडीचं फावडं होतं. त्यांनी ते उघडलं, चिखलात घातलं, जोर दिला, आणि फावडं पुन्हा घडी होऊन बसलं. तेवढ्यात मागून उसाचा रिकामा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने दोर लावला, गाडी ओढून काढली आणि गाणं बंद न करताच निघाला. बाबा पैसे घेऊन मागे धावले तर तो ओरडला, “ऱ्हाऊ द्या, माजा अडकला की तुमी वडा!” बाबांच्या गाडीने त्याचा ट्रॅक्टर कधी ओढला जाईल असं मला वाटत नाही, पण तो अगदी मनापासून म्हणाला होता.

माळावरचं घर नवं होतं. पत्र्याचं प्रशस्त छप्पर, पुढे ओटा, बाजूला गोठा. आमची वाट बघत ओट्यावर घरमालक आप्पा बसले होते, इस्त्रीच्या टोपीत. त्यांच्या मागे पद्माकाकू, त्यांची बायको, ठसठशीत आणि घाईतली. भिंतीला टेकून त्यांचा मुलगा सम्मेद उभा होता, तिशी ओलांडलेला, नव्या शर्टात, आणि उभ्या उभ्या झोपेत. कुंपणापलीकडे शेजारच्या काही बायका कपडे वाळत घालत होत्या. आम्ही तिथे होतो तेवढा वेळ त्या तेच कपडे वाळत घालत होत्या.

बाबांनी बसल्याबरोबर प्रश्न सुरू केले. जमीन किती, कुणाच्या नावावर, विहिरीचं पाणी मे महिन्यात टिकतं का, घरात माणसं किती, म्हातारं माणूस कुणी आजारी आहे का, भावाभावांत वाद आहे का, संडास घराजवळ आहे की लांब. मला ऐकतानाच संकोच वाटत होता. परक्या माणसाच्या घरात बसून असं कुणी विचारतं का? पण आप्पा एकेका प्रश्नाला खूश होत होते. संडास तर त्यांनी स्वतः उठून दाखवला.

“इचारा, इचारा,” ते म्हणत होते. “इचारलंच पायजे. आमीबी आमच्या थोरलीच्या वक्ताला असंच इचारलं.”

थोरली म्हणजे काय, हे बाबांनी विचारलं नाही. त्यांना विहिरीचं उत्तर मिळालं होतं.

“पुराचं पाणी इथवर येत नाही, हे नक्की?” त्यांनी शेवटचं विचारलं.

“पाणी?” आतून पद्माकाकू आल्या. त्यांनी बाबांच्या हातात खपली गव्हाच्या खिरीची वाटी दिली, वर तूप. या भागात तिला हुग्गी म्हणतात आणि ती कुणाही येणाऱ्याजाणाऱ्यासाठी शिजत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. “पाणी न्हाय येत ओ. पावणं येत्यात! नदीकाठच्या सगळ्या गावातनं. हे घर उंचावर हाय न्हवं, सगळ्यास्नी ठावं हाय. माझं म्हायेर, ह्यांच्या आत्त्या, आत्त्याचं जावई, जावयाचं मामा, समदी आपापल्या म्हशी घिऊन. आदी म्हशी उतरत्यात, मग टीव्ही, मग सासू. मागच्या पुरात ह्या ओट्यावर पाय ठिवाय जागा न्हवती. पाणी आठवड्यात वसरलं. पावणं वसरायला दिवाळी आली.”

“गप की,” आप्पा म्हणाले.

“का गप? भाकरी कुणी थापल्या? तुमी?” त्या माझ्याकडे वळल्या. “पोरी, मी तर लई कटाळलो. पुढच्या पुरात मला कुठं लांब, उंचावर न्हेऊन ठेवा म्हणतो. जिथं कुणी म्हस घिऊन येणार न्हाई.”

बाबांचा हात वाटीतच थांबला होता. जगापासून लांब, सुरक्षित उंचीवरचं घर संकटात पहिल्यांदा भरतं, हा मुद्दा कुठल्याही व्हिडिओत आलेला नव्हता.

“सम्मेद, हीर दाव जा,” आप्पा म्हणाले. बाबा उठले. भूपालकाकांनी त्यांना शर्टाला धरून खाली बसवलं. “तुमी बसा. पोरास्नी जाऊ दे.”

विहीर घराच्या मागे होती, काठोकाठ भरलेली नसली तरी खोल आणि हिरवीगार. सम्मेदने तिच्याकडे हात केला, मला ती दिसली आहे याची खात्री केली आणि मोठी जांभई दिली.

“माफ करा हं. तुमाला बघून न्हाय,” तो म्हणाला. “रात्रीची लाईट असती शेतीला. रातभर दारं धरली. म्हंजे पाणी ह्या सरीतनं त्या सरीत सोडत बसायचं.” मग जरा थांबून, “फ्लॅट कितव्या मजल्यावर हाय?”

“चौथ्या.” हा माझा त्या दिवसाचा पहिला शब्द.

“लिफ्ट हाय?”

मी मान हलवली.

“पाणी येतंय दोन्ही टायमाला?”

मी पुन्हा मान हलवली. तो माझ्या फ्लॅटला गुण देत होता, हे मला आवाजावरून कळलं. ती पद्धत मी घरी ओळखते.

“आजवर जेवढ्या पोरी बघितल्या,” तो म्हणाला, “सगळ्यांनी एकच इचारलं, पुण्यात फ्लॅट हाय का. माळावर कोण येतंय? फ्लॅटवाली पोरगी आपणहून हितं आली, ही पैलीच खेप. आई काल झोपली न्हाई.”

मी विहिरीत बघत राहिले. खीर, गजरा, नवा शर्ट, इस्त्रीची टोपी, न वाळणारे कपडे, सगळं एकामागोमाग पाण्यावर येत होतं. बाबांचे प्रश्नही. जमीन किती, भाऊबंदकी आहे का, म्हातारं कोण आहे. मुलीचा बाप स्थळ बघायला गेला तर दुसरं काय विचारतो?

“तुमचा होकार असंल तर माझी ना न्हाई,” सम्मेद म्हणाला. बोलण्यात लाज नव्हती, थकवा होता. “नकार असंल तर लवकर सांगा, जरा पाठ टेकतो. पण आईला तुमीच सांगा. मी गप बसलो की ‘पोराची पसंती हाय’ म्हणून ती गावभर सांगून येती. अशा दोन पोरींस्नी मी पसंत केलंय, मला न इचारता.”

मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. त्या सबंध जिल्ह्यात माझ्या पंथाचा एवढा एकच माणूस मला भेटला, आणि त्याच्याशी बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. त्याने ते मनावर घेतलं नाही. आम्ही दोघं थोडा वेळ छान गप्प उभे राहिलो.

परत आले तेव्हा ओट्यावर भूपालकाका बाबांना समजावत होते आणि बाबांचे कान लाल झाले होते.

“लेक संगं घिऊन शेत बघाय कोण येतंय का सुधीरराव? आन् पुणं सोडून माळावर राहाय येणार म्हणालासा, ते मी खरं धरीन व्हय? म्हटलं, पोरीचा बाप हाय, आडून बोलतोय. म्हणून जागा न्हाय, घर बघून ठेवलं.”

“पण भूपाल, आपल्या जाती...”

“आता जात कोण इचारतंय? पोरगी हो म्हणतीया का, एवढंच बघत्यात.”

बाबा उठले आणि गोबरगॅस बघायला गेले. मी निश्चिंत झाले. आता ते परत येतील, माफी मागतील, आणि आम्ही निघू. ते बराच वेळ आले नाहीत. टाकीभोवती दोनदा फिरले. गोठ्यात डोकावले. कणग्यातली ज्वारी हातात घेऊन बघितली. मग सावकाश ओट्याकडे आले, आणि मोठी ऑर्डर मिळत आली की त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा तो झालेला होता.

“मीनू,” ते माझ्या शेजारी बसून हळू म्हणाले, “तसं बघितलं तर जमीन विकत घ्यायची गरजच उरत नाही.”

मी त्यांच्याकडे बघितलं.

“विहीर आहे, गॅस आहे, धान्य आहे, उंची आहे. माणसं मोकळी आहेत. आणि पाहुण्यांचं म्हणशील तर ते संकटात मनुष्यबळ म्हणूनही धरता येतं. फ्लॅट विकला की इथेच वर एक मजला चढवता येईल, माझ्यासाठी. मी साडेनऊ देतोय.”

अर्धा गुण कशाचा कापला ते त्यांनी सांगितलं नाही. तो मुलाचा असावा, कारण मुलाबद्दल त्यांनी एक शब्दही काढला नव्हता.

“माझी घाई नाही,” ते म्हणाले. “तू विचार कर.” आणि मी तो करू लागते न लागते तोच, “तू काही बोलत नाहीस, म्हणजे...”

आतून पद्माकाकू आल्या. हातात ताट होतं, ताटात कुंकवाची वाटी, नारळ आणि घडी घातलेलं हिरवं लुगडं. कुंपणापलीकडच्या बायकांनी कपडे सोडले आणि सरळ ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. सुनंदाकाकू माझ्या कानाशी वाकल्या. “पदर न्हाय तर ओढणी घे डोक्यावरनं. कुंकू लागलं की ठरलं.”

मी सम्मेदकडे बघितलं. तो भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत एवढंच होतं, की लवकर काय ते सांगा.

पद्माकाकूंनी कुंकवात बोट बुडवलं. ते बोट माझ्याकडे येत होतं. पिठाचा आणि तुपाचा वास असलेलं, मागच्या पुरात दिवाळीपर्यंत भाकऱ्या थापलेलं. त्यांचा चेहरा इतका आशेने भरलेला होता की नाही म्हणायचं वाक्य मी जुळवायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं. दुसरं कुठलंही वाक्य तयार नव्हतं. म्हणून मी त्यांचा हात मनगटाशी धरला आणि जसं येईल तसं, कुंपणापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले:

“काकू, मला लग्न करायचं नाही. बाबा, फ्लॅट मी विकणार नाही, सही करणार नाही. आणि काकू, पुढच्या पुरात तुम्ही माझ्याकडे या, चौथ्या मजल्यावर, हवे तेवढे दिवस राहा, भाकरी मी विकत आणीन. फक्त पावण्यांना पत्ता सांगू नका.”